भास सुरू होण्याआधीची वर्षं

सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय यातला फरक सुटतो तो मनाचा आजार, म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो एकटाच बडबडणारा, आवाज ऐकू येणारा माणूस. पण तिथवर पोचण्याआधी पुष्कळ मुलांची घडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं विस्कटत असते, आणि ती विस्कटते शाळेत, मित्रांत. पालक आणि शिक्षक समोर बसले आहेत म्हणून आज याविषयीच जास्त बोलायचं आहे.

आजाराआधीचं जुळवून घेणं मोजण्याची एक पट्टी १९८२ साली प्रसिद्ध झाली, ती आजही वापरतात. एकलकोंडेपणा, मैत्री, अभ्यास, शाळेत रुळणं आणि वयात आल्यावरची जवळीक, एवढंच ती विचारते. ११ वर्षांपर्यंत, १२ ते १५, १६ ते १८ आणि पुढे, असे टप्पे; प्रत्येक प्रश्नाला ० ते ६ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. एका टप्प्यातल्या आकड्यापेक्षा दोन टप्प्यांमधली घसरण मला महत्त्वाची वाटते. लहानपणापासून मितभाषी असलेला मुलगा वेगळा, आणि सातवीत गल्लीतल्या क्रिकेटचा कप्तान असलेला, दहावीत मित्र दाराशी आले तरी 'झोपलोय म्हणून सांग' म्हणणारा वेगळा. तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा. त्याची वही उघडा. तारीख घातलेली, दोन ओळी नीट, तिसरं वाक्य मध्येच सुटलेलं, पुढे पानं कोरी. याला आळस म्हणून मोकळं होऊ नका. लक्ष टिकत नसेल. कारण नैराश्यही असू शकतं, म्हणून निदान आपण घरी करायचं नाही.

धोक्याच्या अवस्थेतल्या, म्हणजे सायकोसिस अजून झालेला नाही पण होण्याची शक्यता आहे अशा मुलांसाठी मेलबर्नमध्ये १९९४ साली खास क्लिनिक सुरू झालं. तिथे तीन गट ठरले: सौम्य लक्षणं असलेले, ठळक भास होऊन आठवड्याच्या आत आपोआप ओसरलेले, आणि जवळच्या नात्यात हा आजार असून शिवाय कामकाज घसरलेले. सौम्य म्हणजे काय? हाक ऐकू आली, वळून पाहिलं, कोणी नाही, आणि 'मलाच वाटलं असेल' असं तो स्वतः म्हणतो. ही शंका शाबूत आहे तोवर बोलायला जागा असते. म्हणून 'तुला भास होतात का?' असं विचारू नका. 'मन आपल्याला फसवतंय असं कधी वाटतं का?' असं विचारा. मग किती वेळा, किती खरं वाटतं, त्यापायी काय करणं सोडलं. वाद घालू नका, होकारही भरू नका.

यातल्या सगळ्यांना सायकोसिस होत नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर तीन वर्षांत साधारण चारातल्या एकाला होतो. उरलेल्यांपैकी पुष्कळांना चिंता, नैराश्य असतंच, त्यामुळे मदत त्यांनाही हवी. केवळ सायकोसिस टाळायचा म्हणून या अवस्थेत सायकोसिसविरोधी औषधं देऊ नयेत, असं ब्रिटनची २०१४ ची मार्गदर्शक सूत्रं स्पष्ट सांगतात. ती विचार-वर्तनाच्या समुपदेशनावर भर देतात.

घरी चूक होते ती इथे. गुण घसरले की आणखी एक क्लास लावतात. थकलेल्या मनावर दोन तास वाढतात, उरलेली संध्याकाळची मैत्रीही जाते. काही घरांत 'बाहेरचं' म्हणून भगताकडे फेऱ्या होतात आणि महिने निघून जातात. उलट करा: शाळेशी बोलून काही काळ भार कमी करा, आधी उठण्याची वेळ रोज एक ठेवा, एका तरी मित्राशी गाठभेट चालू ठेवा. टोमणे थांबवा, घरातल्या सततच्या टीकेने लक्षणं बळावतात. गांज्याबद्दल स्पष्ट बोला: युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता सुमारे तिप्पट, रोज जास्त नशेचा गांजा ओढणाऱ्यांमध्ये जवळजवळ पाचपट आढळली.

जेवणात काही घातलंय असा पक्का संशय, आवाज हुकूम देतात, रात्रीमागून रात्री झोप नाही, मरणाची भाषा, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. त्यावर लिहा: झोप कधीपासून बिघडली, अभ्यास कोणत्या महिन्यात सुटला, घराण्यात कोणाला असा आजार होता, आणि तो स्वतःहून मित्राकडे शेवटचा कधी गेला.