वस्ती पाहावी भर दुपारी

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल-मे हे महिने बदल्यांचे असतात. हातात आदेश पडतो, रुजू होण्याची तारीख जवळ असते, मुलांचे दाखले काढायचे असतात, आणि या धांदलीत ज्या वस्तीत पुढची तीन-चार वर्षे काढायची ती बहुतेकदा एखाद्या रविवारी दोन तासांत ठरवून टाकली जाते. बदली सारख्याच हवेच्या गावी असेल तर या घाईची फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. परंतु पुणे, नाशिक, सातारा यांसारख्या ठिकाणाहून विदर्भात येणाऱ्या कुटुंबाला ती पहिल्याच उन्हाळ्यात मोजावी लागते. आज मी नागपूरविषयी बोलणार आहे, कारण ही किंमत आम्ही तेथे मोजली आहे.

बारा वर्षांपूर्वी माझी नाशिकहून नागपूरला बदली झाली. सोबत यजमान, तिसरीतला मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या. घर आम्ही फेब्रुवारीतल्या एका सकाळी पाहिले. शहराच्या दक्षिण टोकाकडील एका नव्या लेआउटमधील, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीतील, ती तीन मजली स्कीम, म्हणजे फ्लॅटची इमारत, होती. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेला मोठी बाल्कनी, समोर मोकळे रान आणि माझे कार्यालय स्कूटरवर दहा मिनिटांवर. सकाळची हवा इतकी प्रसन्न होती की आम्ही लगेच होकार दिला. मे महिना लागला, आणि त्याच बाल्कनीतून दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट घरात येऊ लागले. रात्री अकरा वाजता सासूबाई भिंतीला हात लावून म्हणत, "अगं, ही अजून तव्यासारखी आहे." मी दिवसभर कार्यालयात असे, मुलगा सुटीत आजोळी गेलेला, त्या घरात चोवीस तास राहणारे माणूस एकच होते, आणि घर निवडताना त्यांची दुपार आमच्यापैकी कोणीही विचारात घेतली नव्हती.

नागपूरचे ऊन केवळ आकड्यांनी कळत नाही, तरी आकडे माहीत असावेत. २३ मे २०१३ रोजी तेथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे ही तेथे बातमीही ठरत नाही. नाशिकच्या मानाने नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे निम्म्याच उंचीवर आहे, समुद्राचा वारा तेथवर पोहोचत नाही, आणि पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो. शिवाय २६ मेच्या सुमारास तेथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो; ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हा. लोकांच्या तोंडी असलेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही याच दिवसांत, २५ मेच्या आसपास लागतो. याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा की त्या काळात दुपारचे सर्वांत प्रखर ऊन भिंतींपेक्षा स्लॅबवर पडते, आणि वरच्या मजल्याचे छत दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खालच्या खोल्यांत सोडत राहते. नाशिकला उन्हाळ्यातही पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते. नागपूरला मेमध्ये रात्रीचे तापमानही कित्येकदा ३० अंशांच्या आसपास घुटमळते. म्हणून दुपारी घर किती तापते याबरोबरच रात्री ते किती वाजता निवते, हा प्रश्न मी अधिक महत्त्वाचा मानते. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना सलग आठ-दहा रात्री झोप मिळाली नाही, तर त्यांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम दुपारच्या उन्हाइतकाच गंभीर असतो.

यासाठी माझा आग्रह एवढाच आहे, की शक्य असेल तर वस्ती मे महिन्यात पाहावी, आणि ती दोनदा पाहावी: एकदा दुपारी दोन वाजता आणि एकदा रात्री जेवणानंतर. दुपारी पायी चालावे. घराच्या फाटकापासून किराण्याच्या दुकानापर्यंत, तेथून शाळेच्या बसथांब्यापर्यंत आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत जाताना किती अंतर सावलीतून जाता येते, हे पावलांनी मोजावे. झाडे आहेत एवढ्यावर समाधान मानू नये, कारण मे महिन्यात कोणत्या झाडाला पाने असतात हे पाहणे आवश्यक आहे. गुलमोहर त्या दिवसांत लालभडक फुललेला असतो, पण त्याची सावली विरळ असते. कडुनिंबाला आणि करंजाला मात्र चैत्रात नवी पालवी येऊन गेलेली असते, त्यामुळे मे महिन्यात त्यांच्याखाली खरी, गडद सावली मिळते. ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने कडुनिंब आहेत, त्या रस्त्यावर भाजीची हातगाडी दुपारीही उभी राहते, आणि मला तर ती हातगाडीच वस्तीच्या हवामानाची सर्वांत विश्वासार्ह खूण वाटते.

अशी सावली नागपुरात आहे, आणि भरपूर आहे. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर या भागांत रुंद रस्ते, मोकळी मैदाने आणि तीन-तीन पिढ्यांनी जपलेली झाडे आजही दिसतात. शहराची आखणी आणि विकास पाहणारी नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आली, आणि जुन्या आखीव लेआउटांतील मोकळ्या जागांचे मोल उन्हाळ्यातच कळते. या भागांत भाडे अर्थातच जास्त आहे. पण बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडच्या पुढे मिळणाऱ्या प्रशस्त नव्या फ्लॅटशी तुलना करताना केवळ भाड्याचा आकडा समोर ठेवू नये. एसीचे वीजबिल, टँकरचा खर्च आणि रोजच्या येण्या-जाण्याचा ताण त्यात मिळवून मग बेरीज करावी. आता मेट्रोमुळे ही बेरीज पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. मार्च २०१९ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये उरलेल्या मार्गांवरही गाड्या धावू लागल्या, आणि सीताबर्डी येथे दोन्ही मार्ग एकत्र येतात. विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी असली म्हणजे खापरीजवळच राहिले पाहिजे, असे आता उरलेले नाही. कमावत्या माणसाने अर्धा तास थंड डब्यातून प्रवास करावा आणि घरात राहणाऱ्यांना सावलीची वस्ती द्यावी, असे मला मनापासून वाटते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नागपूरच्या घरात पाणी आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तेथील उन्हाळा कोरडा असतो, आणि म्हणूनच तेथे कूलर उत्तम चालतो. मुंबईत किंवा गोव्यात तोच कूलर घरात केवळ दमटपणा वाढवील. परंतु खोलीभर हवा देणारा मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज पितो, आणि घरात दोन कूलर असले तर हा हिशेब टाकीच्या तळाशी जातो. शहराला पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून पाणी मिळते. मात्र बाहेरच्या अनेक लेआउटांत नळजोडणी उशिरा पोहोचते आणि तोवर बोअरवेल व टँकर यांवर भागवावे लागते. म्हणून "पाणी आहे का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "आहे" असेच मिळते. "मागच्या मे महिन्यात टँकर किती वेळा आणला?" असे विचारावे, आणि तेही घरमालकाला न विचारता खालच्या मजल्यावरील गृहिणीला विचारावे. आम्हाला घरमालकांनी बोअरला बारा महिने पाणी असते असे सांगितले होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोअर आटली.

त्या फ्लॅटमध्ये आणखी एक उणीव होती, जी नाशिककराच्या नजरेला दिसणे शक्यच नव्हते. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर बसतो, बाहेरची कोरडी हवा आत ओढतो, आणि ती हवा समोरच्या खिडकीतून निघून गेली तरच खोली गार होते. सासूबाईंच्या खोलीची एकमेव खिडकी अरुंद डक्टमध्ये उघडत होती. तेथे स्टँड लागेना, कूलर आतच ठेवावा लागला, आणि दोन तासांत गादीपासून उशीपर्यंत सर्व काही ओलसर होऊ लागले. तेव्हापासून मी कोणाहीबरोबर घर पाहायला गेले की आधी खिडक्यांच्या जागा पाहते, मग स्वयंपाकघर. यंदा नागपूरला निघालेल्या श्रोत्यांनीही हे जरूर करावे. वायरिंग एसीचा भार पेलते का आणि गच्चीला पांढरा थर दिलेला आहे का, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

सावलीच्या ओढीने एक चूक मात्र होऊ शकते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या अनेक घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. त्यांत जुन्या, झाडीच्या आणि प्रतिष्ठित वस्त्याही होत्या. वरचा मजला तापतो म्हणून तळमजला घ्यायला निघालेल्या कुटुंबाने शेजारच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ कुठवर आली होती, हे जरूर विचारून घ्यावे. माझ्या मते मधला मजला आणि नाल्यापासून अंतर, हे दोन्ही साधणे सर्वांत चांगले.

शाळेबद्दल थोडक्यात सांगते. राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात; पण केंद्रीय मंडळाच्या बहुतेक शाळांचे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते. त्यामुळे कोणत्या मंडळाची शाळा आहे, बस घराजवळ कुठे थांबते आणि मुलाला दुपारी किती वेळ उन्हात उभे राहावे लागेल, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

आम्ही ते पहिले घर अकरा महिन्यांचा करार संपताच सोडले. दुसऱ्या घराचा शोध मात्र आधीच, त्याच मे महिन्याच्या अखेरीस सुरू केला होता, आणि या वेळी सासूबाईंना बरोबर घेऊनच बाहेर पडत असू. बजाजनगरच्या बाजूला एका दुमजली घराचा खालचा भाग मिळण्यासारखा होता. घरमालकीणबाईंनी माठातले पाणी दिले, अंगणातली विहीर दाखवली, आणि पश्चिमेकडच्या खोलीशी सुरुवातीला जराशा संकोचानेच थांबल्या. त्या भिंतीला बाहेरून कडुनिंबाची सावली होती. संध्याकाळचे सात वाजले होते. सासूबाई काही न बोलता भिंतीपाशी गेल्या, तळहात सपाट टेकवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथे माझा पलंग टाक."