आधी कॅसेट, मग पेटी

(साताऱ्यात माजी सैनिकांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. त्यांतल्या एकाचाही आवाज आज ऐकता येत नाही. एकाहत्तरच्या पिढीचं तसं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात पुढं टेपरेकॉर्डर आला आणि एकादशीचं भजन, पारायणाची समाप्ती, कधी नुसताच रियाज कॅसेटवर भरला गेला. ते आवाज आज कॉम्प्युटरवर कसे उतरवून घ्यायचे, ते सांगतो.

वडील जातात, तेरावं होतं, आणि मग काळी ट्रंक उघडते. वर मेडल, खाली कॅसेटी, शेजारी पेटी, म्हणजे हार्मोनियम. मेडल पितांबरीनं घासू नका. कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. आणि 'आबांची पेटी आधी दुरुस्त करून घेऊ' असं कुणी म्हटलं तर त्याला थांबवा. का, ते पुढं सांगतो.

कॅसेट लगेच मशिनात घालू नका. खिडकीतून फितीचा गठ्ठा बघा. कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात ती हमखास धरते. अशी कॅसेट वेगळी ठेवा, कारण ती वाजवली की बुरशी मशिनाच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. चांगल्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही बारीक प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. मग षटकोनी पेन्सिल घालून चाक हातानं थोडं फिरवा. अडकत नसेल तर एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून एकमेकांना चिकटलेले थर त्यानं सुटतात.

फीत तुटली तर सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पाझरून शेजारच्या थराला धरतो. जोडायची पट्टी वेगळी मिळते. आवाज अगदीच दबका येत असेल तर फितीमागचा चिमुकला नमद्याचा तुकडा गळालाय का बघा. कोपऱ्याचे स्क्रू काढून दोन्ही चाकं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात.

मशीनही तपासा. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीवर पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. रोलर कडक झाला असेल तर तो फीत खातो. त्यावर आबांची कॅसेट लावायची नाही, आधी एखादी टाकाऊ लावून बघायची. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो अगदी हलक्या हातानं, केसभर फिरवत टाळ ऐका. टाळांचा किणकिणाट सर्वांत स्वच्छ येईल तिथं थांबा. भजनाच्या कॅसेटला याहून चांगली परीक्षा नाही.

आता पेटीचं. तेव्हाचं बरंचसं रेकॉर्डिंग सेलवर व्हायचं. सेल उतरला की मोटर मंदावायची. मंद भरलेली फीत आज बरोबर गतीनं वाजवली की आवाज पातळ आणि चढा येतो. वडिलांचा भारदस्त आवाज पोरासारखा लागतो, आणि घरचे म्हणतात, "तरुणपणी असाच असेल." नसतो! भजनात वाजलेली पेटी तीच असेल तर ती समोर घ्या आणि पट्टी जुळवा. काळी एकमधलं, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून गायलेलं गाणं काळी एक आणि शेजारच्या पांढरी दोनच्या मधेच कुठं तरी अडकत असेल तर गती चुकली. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे गतीत जवळजवळ सहा टक्के. कॉम्प्युटरवर तेवढी कमी करा. कॅसेटच्या प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला वेगवेगळं तपासा, कारण सेल उतरत जातो तसा फरक वाढतो. पेटी दुरुस्त करणारा सूर लावताना रीड, म्हणजे आतल्या सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या घासतो, आणि जुनी पट्टी हलली की हे मोजमाप गेलं. म्हणून पेटी नंतर. तानपुरा असेल तर तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं मिरज लांब नाही, पण तोही नंतरच.

कॉम्प्युटरला जोडताना माइकचं भोक टाळा, तिथं आवाज फाटतो, लाइन-इन, म्हणजे बाहेरच्या मशिनाचा आवाज घ्यायचं भोक वापरा. सर्वांत चढ्या आवाजाची पातळी शून्याखाली सहा डेसिबल राखा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट: स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपीथ्री वेगळी करा. खरखर काढायची तर प्रतीवरच काढा. सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज म्हणजे खरखर समजतं, आणि तानपुराही त्यातच पुसून टाकतं. दोन अभंगांमधला खोकला, "चहा ठेवला का गं" हेही कापू नका. बोलण्यातला आवाज बहुधा तेवढाच असतो.

फाइलला 'भजन १' असं नाव देऊ नका. गाव, साल, प्रसंग लिहा. ओळख न पटणाऱ्या आवाजाची वेळ कागदावर टिपा: १४ मिनिटं २० सेकंद, मागून साथ देणारा कोण? आणि तो कागद घेऊन मंडळातल्या आबांच्या एखाद्या ऐंशीच्या घरातल्या साथीदाराकडे जा. मोबाइल नको, जरा मोठा स्पीकर न्या. त्यांना कमी ऐकू येतं.