गुप्तहेर मालिकेतील चुकांचा तपास

श्रोते हो, नमस्कार.

कौटुंबिक मालिकेत सुनेच्या बांगड्या एका दृश्यात हिरव्या आणि पुढच्याच दृश्यात लाल दिसल्या, तर आपण हसतो आणि विसरतो. गुप्तहेर मालिकेत मात्र हीच गोष्ट प्रेक्षकाच्या डोक्यात घर करते. तिथे दिग्दर्शकानेच आपल्याला सांगितलेले असते की खिडकीची कडी, टेबलावरचा पेला, चपलांना लागलेला चिखल, सगळे नीट पाहा, यातच गुन्हेगाराचा माग आहे. प्रेक्षक इमानदारीने पाहू लागतो आणि त्याला जे सापडते तो पुरावा नसून चित्रीकरणातील गफलत असते.

समजा, एक संशयित रात्री कोल्हापुराहून एमएच-०९ क्रमांकाच्या गाडीने निघाला आणि संकेश्वरला पोहोचेपर्यंत त्याच गाडीवर केए-२३ ची पाटी दिसू लागली. मुंबईत बसलेल्या प्रेक्षकाच्या हे ध्यानातही येणार नाही. पण निपाणी-चिकोडीकडचा माणूस, ज्याला समोरून येणारी गाडी कुठली हे पाटीवरून ओळखायची सवय लहानपणापासून असते, तो ताबडतोब ठरवतो की याने वाटेत पाटी बदलली, म्हणजे हाच खुनी. पुढचा अर्धा तास तो त्या पाटीच्या खुलाशाची वाट पाहतो. खुलासा होत नाही, कारण गाडीत बसण्याचे दृश्य एका दिवशी आणि उतरण्याचे दुसऱ्या दिवशी, दुसरीच भाड्याची गाडी आणून चित्रित झालेले असते.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, हेच अशा चुकांचे मूळ. एका जागेवरील सगळे प्रसंग, मग ते कथेच्या सुरुवातीचे असोत की शेवटचे, एकदमच उरकले जातात. प्रत्येक तुकड्यात घड्याळात किती वाजले होते, जखम डाव्या भुवईवर होती की उजव्या, कपात चहा किती उरला होता, याची नोंद ठेवणारा एक सहायक असतो. प्रक्षेपणाची तारीख अंगावर आली की पहिली ओढाताण त्याच्याच कामाची होते. या पार्श्वभूमीवर 'सीआयडी' या मालिकेने २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटाशिवाय सलग चित्रित केला होता, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. जिथे तुकडेच नाहीत, तिथे सांधा निखळणार कुठे?

लेखणीच्या कामातही हे घडते. शेरलॉक होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन याला पहिल्या कादंबरीत खांद्यावर गोळी लागलेली आहे आणि दुसऱ्या कादंबरीत तो पायाच्या जुन्या जखमेने हैराण आहे. वाचकांनी ते कौतुकाने सांभाळून घेतले. माझ्या मते कपातला चहा वाढणे किंवा जखमेने जागा बदलणे हे दोष क्षम्य आहेत. वस्तुस्थितीच्या चुकांबाबत इतके उदार होता येत नाही.

आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या मुलखाचेच पाहू. ऐन जुलैत, धो-धो पावसात, साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ उसाच्या ट्रॉलीत प्रेत सापडते असे एखाद्या लेखकाने लिहिले, तर आमच्याकडचा शाळकरी मुलगाही म्हणेल की गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आटोपतो. जुलैत कारखान्यात ऊस येतो कुठून? खानापूर तालुक्यातील खुनाचा तपास करायला 'एसीपी साहेब' येतात, हेही तसेच. सहायक पोलीस आयुक्त हे पद आयुक्तालयात असते. बेळगाव शहराला २०१४ पासून आयुक्तालय आहे, पण खानापूर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते आणि तिथे त्या जागी उपअधीक्षक असतात. बेळगावच्या ठाण्यात फौजदार अस्खलित मराठीत पंचनामा लिहीत बसलेला दाखवला, तर ज्यांनी इथे कधी फिर्याद दिली आहे त्यांना हसावे की रडावे हे कळणार नाही.

वैद्यकीय चुका याहून ठळक आहेत. नाकावर रुमाल दाबताच माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, हे पडद्यावर इतक्या वेळा घडले आहे की लोकांना ते खरे वाटते. वास्तविक क्लोरोफॉर्मचा अंमल व्हायला तो काही मिनिटे सतत हुंगवावा लागतो आणि त्यात जीव जाण्याचा धोका असतो. डॉक्टर प्रेताचा हात उचलून 'मृत्यू रात्री ठीक ११ वाजून २० मिनिटांनी झाला' असे सांगतात. मरणोत्तर ताठरता साधारण दोन-तीन तासांनी पापण्या आणि जबड्यापासून दिसू लागते, मग सर्वांगात पसरते, पुढे ओसरते. पण हवेतील उष्मा, मृताची शरीरयष्टी, मरणापूर्वीचे श्रम यांनी हे गणित मागेपुढे होते. म्हणून जाणता डॉक्टर काही तासांचा पल्ला सांगतो, मिनिट कधीच सांगत नाही. शिवाय शवविच्छेदन, विषाचे परीक्षण, डीएनए आणि बोटांचे ठसे ही सगळी कामे मालिकेत एकच डॉक्टर एकाच खोलीत करतो. प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात होते, व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, सीलबंद बरण्यांतून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, तिथे विभाग निराळे, तज्ज्ञ निराळे, आणि अहवालाची वाट पाहता पाहता तपास अधिकाऱ्याची बदलीही होऊन जाते.

तरीही सर्वांत मोठी चूक मी शेवटच्या प्रसंगाची मानतो. अधिकारी गुन्हेगाराला घेरतो, तो ढसाढसा रडत सगळे कबूल करतो आणि 'आता तुला फाशीच होणार' या वाक्यावर मालिका संपते. पोलिसांपुढे दिलेला असा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, स्वेच्छेने दिलेल्या जबाबाची गोष्ट वेगळी. पोलिसांपुढील बोलण्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्याशी निगडित असलेला भागच न्यायालयापुढे येऊ शकतो. म्हणूनच खरा पोलीस आरोपीला पंचांसह विहिरीपाशी नेतो, कोयता वर काढतो, जागेवर पंचनामा करतो, पंचांच्या सह्या घेतो. आणि पुढे खटला उभा राहिला की तेच पंच फुटतात. यात नाट्य काय कमी आहे? लेखकांना ते का दिसत नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

कलमांचीही अशीच गंमत आहे. '३०२ लागेल' हा संवाद इतका मुरला आहे की तो निघायला वेळ लागेल. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे. मात्र १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या खुनाला आजही जुने ३०२ च लागते, तेव्हा नव्या मालिकेत ३०२ ऐकू आले की लगेच चूक काढू नये. आधी कथेत खून कोणत्या तारखेला झाला ते पाहावे. बहुतेक मालिका ती तारीख सांगतच नाहीत.

सीमेच्या कथेत आणखी एक गोष्ट हमखास निसटते. महाराष्ट्राचे पोलीस सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकात येतात, आरोपीच्या मुसक्या आवळतात आणि पुढच्याच दृश्यात तो मुंबईच्या कोठडीत असतो. पकडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, आणि परराज्यात नेताना सामान्यतः इथल्याच न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला ताब्यात ठेवून तिकडे नेण्याची परवानगी, घेतला जातो. निपाणीचे न्यायालय, कानडीतले कागद, मराठी आरोपी आणि मुंबईला परतण्याची घाई झालेला फौजदार: एवढ्यावर एक अख्खा भाग उभा राहू शकतो.

नमस्कार.