पळून गेलेला भागीदार

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘अ‍ॅबिलीनचं आयझेनहॉवर दांपत्य : घराण्याचा इतिहास, 1741 ते 1953’. वेळ चाळीस मिनिटं. म्हणजे मिनिटाला पाच वर्षं! तेव्हा आपण मधूनच शिरू, दुकानाच्या दारातून.

डेव्हिड आणि आयडा, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचे आईवडील. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लकॉम्प्टन गावी कॉलेजात भेटले, 1885 साली लग्न झालं. डेव्हिडचे वडील जेकब लग्न झालेल्या प्रत्येक मुलाला 160 एकर जमीन आणि 2000 डॉलर देत. पण या चिरंजिवांना शेती नको होती. (पहिल्या रांगेतले आजोबा मान हलवताहेत, त्यांना ठाऊक आहे.) जमीन गहाण पडली आणि होप नावाच्या गावात मिल्टन गुडच्या भागीदारीत दुकान निघालं. गावाचं नाव ‘आशा’, भागीदाराचं आडनाव ‘चांगला’. दुकान टिकलं नाही.

घरात गोष्ट सांगत ती अशी : गुड रोकड घेऊन पसार झाला, मागे नुसती देणी. त्याला कोर्टात खेचायचं म्हणून आयडा कायद्याची पुस्तकं वाचत बसे. मुलगा ड्वाइट राष्ट्राध्यक्ष झाला तरी कथा तीच, आणि चरित्रकारांनीही ती डोळे मिटून उचलली. पुढे जुने कागद आणि तिथली वर्तमानपत्रं चाळली गेली, तर काय? गुड पळालाच नव्हता! 1886 मध्ये भागीदारी रीतसर मोडली, गुडचा हिस्सा डेव्हिडने घेतला, मग डेव्हिडचा भाऊ दुकानात आला आणि शेवटी डेव्हिडच बाहेर पडला.

आमच्या पणजोबांचं किराणा दुकानही ‘भागीदाराने बुडवलं’. तीन पिढ्या आम्ही त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली. माळ्यावर उधारीची वही सापडली, तेव्हा कळलं : निम्मी उधारी आमच्याच आत्या-मामांची! (हशा) हसू नका, घरी जाऊन आपापले माळे बघा. मी वही काकांना दाखवली. ते म्हणाले, “अक्षर भागीदाराचंच दिसतंय.” गेली नऊ वर्षं काका माझ्याशी दिवाळीपुरतंच बोलतात.

चिठ्ठी आली, सहा मिनिटं उरली. भराभर सांगतो. मूळपुरुष हान्स निकोलस जर्मनीहून 1741 मध्ये फिलाडेल्फियाला उतरला. पुढे जेकब ‘रिव्हर ब्रदरन’ या शस्त्र न धरणाऱ्या पंथाबरोबर 1878 मध्ये पेनसिल्व्हेनियातून कॅन्ससला आला. दुकान सुटल्यावर डेव्हिड टेक्सासमधल्या डेनिसनला रेल्वेत लागला, ड्वाइट तिथलाच, 1890 चा. 1892 मध्ये सगळे कॅन्ससला परतले, अ‍ॅबिलीन गावी, आणि डेव्हिडला क्रीमरीत, म्हणजे लोणी काढायच्या कारखान्यात, यंत्रांवर काम मिळालं. सात मुलगे, एक तान्हेपणीच गेला. भिंतीवर डेव्हिडने स्वतः काढलेला इजिप्तच्या पिरॅमिडचा भलामोठा तक्ता. तो फार रंजक आहे, पण… बरं, नको.

शेवटचं. 1911 साली ड्वाइट वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीला निघाला. युद्धाला पाप मानणाऱ्या आयडाने त्याला अडवलं नाही. तो गेल्यावर ती आत गेली आणि रडली. त्याचा धाकटा भाऊ मिल्टन घरात होता. आईला रडताना त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हो, हो, थांबतो. चहा निवतोय.