मुंबईची शीट कोणती? स्थलनिर्देशक नकाशे शोधण्याविषयी आणि वापरण्याविषयी

(दादर येथे डोंगरभटक्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, मला दिलेला विषय ‘स्थलनिर्देशक नकाशांचा’, म्हणजे जमिनीचे चढउतार, ओढे आणि वाटा दाखवणाऱ्या नकाशांचा, ‘डोंगरातील वापर’ असा आहे आणि त्यावर मी बोलणार आहेच. परंतु नकाशा वापरायचा तर तो आधी हाती यायला हवा, आणि हाती यायचा तर त्याचा क्रमांक ठाऊक असायला हवा. सह्याद्रीत वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या माणसालाही आपले घर कोणत्या शीटवर, म्हणजे या नकाशांच्या कोणत्या क्रमांकाच्या पानावर आहे हे सांगता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून सुरुवात तिथून करतो. ज्यांच्याकडे कागद-पेन्सिल असेल त्यांनी एक मोठा चौकोन काढावा.

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. या विभागाने देशाचे चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांश अशा चौकटींत तुकडे पाडले आणि प्रत्येक चौकटीला एक आकडा दिला. आपली चौकट ४७, म्हणजे १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग होतात, त्यांना ए ते पी अशी अक्षरे आहेत. अक्षरे वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघतात, पण ती उजवीकडे न जाता खाली उतरतात. ए, बी, सी, डी हा पहिला स्तंभ झाला की ई पुन्हा वर. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्यांना १ ते १६ असे आकडे, तेही असेच खाली उतरणारे. हा शेवटचा तुकडा म्हणजे आपली १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, जिच्यावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर.

आता मुंबई शोधा. शहराचे रेखांश ७२ अंश ४५ मिनिटांच्या पुढे आणि ७३ अंशांच्या आत आहेत, म्हणजे पंधरा मिनिटांच्या तुकड्यांचा शेवटचा स्तंभ. अक्षांश मात्र अडचणीचा, कारण १९ अंशांची रेषा शिवडी आणि लोअर परळच्या आसपासून जाते आणि तिथेच ए हा भाग संपून बी सुरू होतो. त्यामुळे आपण आत्ता बसलो आहोत ते दादर ४७ ए/१६ वर आहे आणि गिरगाव, मलबार हिल, कुलाबा हे सारे ४७ बी/१३ वर. तुळशी, विहार आणि पवई हे तिन्ही तलाव, कान्हेरीची लेणी आणि ठाणे शहर आपल्याच ए/१६ वर आहे. भाईंदरला जायचे तर ए/१५ हवी. पूर्वेला वाशीजवळ ७३ वा रेखांश ओलांडला की कल्याण-डोंबिवलीची ४७ ई/४ लागते. माथेरान हा तर माझा आवडता नमुना आहे. तेथील बाजारपेठ ४७ एफ/५ वर आहे, पण तिच्या वायव्येला तीनेक किलोमीटरवर १९ अंश अक्षांश आणि ७३ अंश १५ मिनिटे रेखांश एकमेकांना छेदतात आणि ई/४, ई/८, एफ/१, एफ/५ अशा चार शीट्सचे कोपरे तिथे जुळतात. प्रबळगडाकडून माथेरानकडे नजर टाकणाऱ्याने चारही शीट्स शेजारी शेजारी मांडल्याशिवाय तो मुलूख नीट कळत नाही. ही आकडेमोड एकदा हातात बसली की कोणत्याही गडाचे अक्षांश-रेखांश पाहून आपल्यालाच शीट सांगता येते, कुणाला विचारावे लागत नाही. (श्रोत्यांपैकी एकाने पनवेलची शीट विचारली. चौकोनावर बोट फिरवून सभागृहानेच उत्तर दिले: एफ/१.)

आता माझी तक्रार, आणि ती मी थोडी सविस्तर मांडणार आहे. देशाच्या सीमांलगतचा आणि किनाऱ्यालगतचा विस्तृत पट्टा नकाशांच्या बाबतीत दीर्घकाळ निर्बंधित होता, आणि आपण तर किनाऱ्यावरच राहतो. ज्या डोंगरांत आपण जन्मभर फिरलो त्यांची शीट मागायला गेलो की अर्ज, हमीपत्र, संस्थेचे पत्र, कारण. एका कार्यालयात तर डोंगरात फिरण्याची आवड हे कारण होऊ शकत नाही असे मला सांगण्यात आले. त्याच काळात अमेरिकेच्या लष्करी नकाशा विभागाने १९५० च्या दशकापासून तयार केलेली भारताची यू ५०२ ही १:२,५०,००० ची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून साऱ्या जगासाठी खुली ठेवली होती. आमच्या पिढीतील पुष्कळ भटक्यांनी आपल्या घाटवाटांचा पहिला नकाशा त्या परक्या ग्रंथालयातून उतरवून घेतला. त्या ग्रंथालयाविषयी मला कृतज्ञता आहे. परंतु आपल्या जमिनीची आपल्याच पैशाने झालेली मोजणी आपल्याला मिळू नये, ही गोष्ट मला अजूनही सलते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षणासाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. २०१७ साली खुल्या मालिकेतील शीट्स संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागल्या आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी उरलेली बंधनेही मोठ्या प्रमाणावर सैल केली. आज विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी केली की पीडीएफ उतरवून घेता येते. मात्र खुल्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत: ४७ ए/१६ तिथे ई ४३ ए १६ होते, बी/१३ ही ई ४३ जी १३ होते आणि माथेरानची एफ/५ ही ई ४३ एच ५ होते. शेवटचा आकडा तोच राहतो, हे ध्यानात ठेवले की घोटाळा होत नाही.

पीडीएफ मिळाली की छपाईचा प्रश्न येतो आणि इथे फार मोठे नुकसान होते. आपल्या अक्षांशावर ही शीट साधारण ५५ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद असते. ती ए-२ कागदावर मावत नाही, तिला ए-१ लागतो. उपनगरातील एका छपाईच्या दुकानात माझी शीट ‘कागदात बसवून’ दिली गेली. छपाई सुरेख होती, रंग उत्तम होते, पण दोन सेंटिमीटरचा किलोमीटर उरला नव्हता. अशा कागदावर पट्टीने अंतर मोजणारा माणूस संध्याकाळी कुठे पोहोचेल याचा विचार करा. छपाई शंभर टक्के मापात करायला सांगा, आणि पैसे देण्यापूर्वी समासातील प्रमाणपट्टी स्वतः मोजा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. सभागृह लवकरच रिकामे करायचे आहे. तेव्हा डोंगरातील वापर भराभर सांगतो.

या शीट्सवर आपल्या भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बहुधा २० मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांमध्ये कागदावर एक मिलिमीटर असेल तर ५० मीटर चालताना २० मीटर चढ आहे, म्हणजे सुमारे २२ अंशांचा उतार. अर्धा मिलिमीटर असेल तर ३९ अंशांच्या जवळ. रेषा एकमेकींत मिसळल्या की कडा. परंतु सह्याद्री बेसाल्टच्या थरांवर थर चढून झालेला आहे, आणि पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये पूर्णपणे लपू शकतो. नकाशावर वाट सोपी दिसली म्हणून दोराशिवाय उतरू नका. रेषांचे टोक चढाकडे वळले असेल तर ती घळ, उताराकडे वळले असेल तर ती सोंड. पावसाळ्यात सोंड धरावी आणि घळ टाळावी. निळा ओढा पाण्याचा, काळ्या रेषेचा ओढा कोरडा. उन्हाळी भटकंतीत पाणी कुठे मिळेल याचा अंदाज इथूनच बांधा, आणि सर्वेक्षणाचे वर्ष समासात पाहूनच त्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा.

जुनी शीट स्कॅन करून मोबाइलवर घेणार असाल तर एक धोका आहे. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा आकार ज्यात गृहीत धरला जातो, त्या संदर्भप्रणाली वेगवेगळ्या आहेत: जुन्या शीट्स एव्हरेस्ट प्रणालीवर आहेत आणि मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या भागात दोहोंत शंभरेक मीटरचा फरक पडतो. कोकणकड्यासारख्या ठिकाणी शंभर मीटर म्हणजे पठार आणि दरी यांतील अंतर आहे. खुल्या मालिकेत ही अडचण नाही, कारण ती डब्ल्यूजीएस ८४ वरच आहे.

ओपनटोपोमॅपसारख्या इंटरनेटवरील खुल्या नकाशांतील समोच्च रेषा मुख्यतः फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीतून आल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत, पण रडारला दाट झाडीचा माथा आणि इमारतींची छपरे दिसतात, त्यामुळे जंगलातील आणि शहरातील उंची जमिनीपेक्षा जास्त येते. मुंबईत पाणी कुठे तुंबेल हे त्यांवरून कुणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. आपल्या शीटवरूनही ते कळणार नाही, कारण शहराचा बहुतेक सपाट भाग २० मीटरच्या पहिल्या रेषेच्याही खालीच आहे. त्यासाठी फार बारीक मोजणी लागते, आणि तशी मोजणी नागरिकांसाठी खुली व्हावी असा आग्रह आपण धरला पाहिजे.

होकायंत्राने शीट उत्तरेला लावणे आणि दोन ओळखीच्या सुळक्यांवरून आपली जागा काढणे एवढे राहिले; ते इथे बोलून कळण्यासारखे नाही, बाहेर व्हरांड्यात दाखवतो. मागच्या टेबलावर ए/१६, बी/१३ आणि माथेरानच्या चारही शीट्स मूळ मापात मांडलेल्या आहेत. पट्टी शेजारीच ठेवली आहे, आपल्या घरापासून स्टेशनपर्यंतचे अंतर मोजून पाहा.