हॅरिसबर्गचा आउटडोअर शो: पोरांना घेऊन जायचं का?

नमस्कार मंडळी! फेब्रुवारी आला की न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या ग्रुपांवर एक प्रश्न हमखास पडतो: बाहेर बर्फ आहे, पोरं घरात बसून कावलीयत, न्यायचं कुठं? आज मी असं ठिकाण सांगणार आहे, की त्याचं नाव काढल्यावर निम्मी मंडळी भुवया उंचावतात. ग्रेट अमेरिकन आउटडोअर शो. मुक्काम हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया. शिकार, मासेमारी, बोटी, कॅम्पिंग, सगळं एका छपराखाली, नऊ दिवस. जागा साडेसहा लाख चौरस फूट, म्हणजे चांगले बूट घालून या.

आधी नको असलेलं बोलून टाकू. हा शो भरवते एनआरए, म्हणजे बंदूकवाल्यांची ती प्रसिद्ध संघटना. पूर्वी तो दुसरी कंपनी भरवायची, वेगळ्या नावानं. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर त्या कंपनीनं ठरवलं, यंदा एआर पद्धतीच्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफली मांडायच्या नाहीत. झालं! स्टॉलवाल्यांनी बहिष्कार टाकला आणि २०१३ चा शो बारगळला. २०१४ पासून एनआरएनं तो हातात घेतला. त्यामुळे आत गेल्यावर राजकारण दिसणारच, सभासद व्हा म्हणून आग्रहही होणार. ज्यांना हे मुळातच पटत नाही, त्यांनी जाऊ नये. त्यात काही चूक नाही.

पण मग तिथं लहान मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? पोरांना धनुष्यबाण चालवायला देतात, गळ फेकायला शिकवतात, कुत्र्यांच्या पाण्यात लांब उड्या मारायच्या स्पर्धा असतात. हे सगळं निव्वळ प्रेमापोटी नाही हो. इथं खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

अमेरिकेत १९३७ साली एक कायदा झाला, पिटमन-रॉबर्टसन. रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर. तो कारखानदार भरतो, म्हणजे आपसूक किमतीत येतो. तो पैसा राज्यांना वाटला जातो वन्यजीवांसाठी. किती वाटा मिळणार, हे राज्याचं क्षेत्रफळ आणि तिथले परवानाधारक शिकारी यांच्यावर ठरतं. त्यातली अट फार हुशार आहे: शिकारीच्या परवान्याचे पैसे राज्यानं वन्यजीव खात्याबाहेर वळवायचे नाहीत. वळवले तर केंद्राचा निधी धोक्यात. आपल्याकडे एका खात्याचा निधी दुसरीकडे कसा पळतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या अटीची किंमत लगेच कळेल. पुढं १९५० मध्ये मासेमारीच्या सामानावर तसाच कर आला, आणि १९८४ पासून मोटरबोटींच्या इंधनावरच्या कराचा वाटाही माशांच्या खात्यात जाऊ लागला.

पेनसिल्व्हेनियात एकोणिसावं शतक संपेपर्यंत जंगलं तोडून साफ झाली होती. लांडगे संपले, एल्क (हरणांची एक थोराड जात) संपले, हरणंसुद्धा इतकी कमी झाली की १९०६ पासून बाहेरून आणून सोडावी लागली. एल्क १९१३ पासून आणले, त्यातले बरेच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून. आज या राज्यातल्या बेनेझेट गावाला शरद ऋतूत लोक गाड्या काढून एल्क बघायला जातात. आणि हरणं तर इतकी झालीयत, की रस्त्यावर जनावर गाडीला धडकण्यात हे राज्य देशात अगदी वरच्या नंबरात असतं. लांडगा नाही, मग हरणांना आवर घालणार कोण? बंदूक घेतलेला माणूस.

आता अडचण बघा. १९८०च्या सुमारास या राज्यात १३ लाखांच्या आसपास लोक शिकारीचा परवाना काढायचे. आता आकडा ९ लाखांच्या आत आलाय. म्हातारे शिकारी जातायत, नवे येत नाहीत. शिकारी कमी म्हणजे परवाने कमी, म्हणजे वन्यजीव खात्याचं उत्पन्न कमी. म्हणून तो इवलासा धनुष्य तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात देतात! ती त्यांची उद्याची परवानाधारक आहे. मला हे समजल्यापासून तो शो वेगळाच दिसतो. आणि खरं सांगू, आपल्यासारखी सावळी कुटुंबं तिथं कमी दिसतात, पण गळ कसा धरायचा ते विचारलंत की समोरचा आजोबा अर्धा तास सोडत नाही.

बरं, जाणार असाल तर सुरुवात मासेमारी आणि बोटींच्या दालनापासून करा. फ्लाय टाइंग करणारा कोणी दिसला तर पोरांना तिथंच उभं करा: गळाच्या काट्याला पिसं आणि केस दोऱ्यानं गुंडाळून माशाला फसवणारा किडा तयार होतो. लॅपटॉपवाल्या आईबाबांनाही बघायला हरकत नाही. बोटींच्या स्टॉलवर लाइफ जॅकेटबद्दल नक्की विचारा. या राज्यात कनू आणि कयाक या वल्ह्याच्या छोट्या होड्यांमध्ये १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना ते घालावंच लागतं. आणि १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल थंड पाण्यामुळे मोठ्यांनाही सुटका नाही.

सहलवाल्यांच्या दालनात मात्र आधी स्वतः डोकावून या. अलास्का, कॅनडा, आफ्रिकेतल्या शिकारसहली विकणारे तिथं बसतात. पेंढा भरलेली अस्वलं, भिंतीभर मुंडकी, मेलेल्या सिंहाशेजारी हसणारे फोटो. घरी श्रावण पाळणाऱ्या आजीला आणि प्राणिवेड्या लहान मुलाला हे झेपेलच असं नाही. तसं इथल्या शिकाऱ्यांमध्येही फरक आहे. १९९१ पासून या राज्यात मारलेल्या हरणाचं मांस अन्नपेढ्यांना द्यायची योजना चालते. फ्रीजर भरून उरलेलं गरिबांना देणारा माणूस आणि सिंहाच्या फोटोसाठी आफ्रिकेला जाणारा माणूस, हे दोघे मला एका पंगतीत बसवता येत नाहीत.

बंदुकांच्या दालनाबद्दल एकच गोष्ट, पण नीट ऐका. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं विकत घ्यायला किंवा बाळगायला साधारणपणे मनाई आहे. काही अपवाद आहेत, कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. "बघू तरी एकदा चालवून," असं म्हणून मित्राबरोबर रेंजवर जायच्या आधी वकिलाला विचारा. व्हिसा म्हणजे खेळ नाही. आणि मुलांना चार गोष्टी आधीच पाठ करून घ्या, कारण शेजाऱ्याच्या घरात बंदूक असू शकते: थांब, हात लावू नको, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग. ही शिकवण एनआरएचीच आहे, १९८८ पासूनची, आणि ती चांगली आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडून येणारे आय-७८ महामार्ग धरून पुढं आय-८१ वर लागा, हवामान बघून निघा. जमलं तर मधल्या वारी या, शनिवार-रविवारी गर्दी फार. पोराला गळ आवडला तर लगेच महागडं सामान घेऊ नका. १६ वर्षांखाली मासेमारीचा परवाना लागत नाही, पण तुम्ही गळ टाकलात तर तुम्हाला लागतो, आणि ट्राउट माशासाठी वेगळं परमिट. ४ जुलैला मात्र सगळ्यांनाच परवान्याशिवाय मासे धरायची मुभा असते. बाकीचे नियम त्या दिवशीही पाळायचे. तलाव कुठला, तो मला कमेंटमध्ये विचारा.