तिसऱ्या मजल्यावरची व्हिक्टरी

(पडदा काळा. पॉलिश पेपर घासल्याचा आवाज. थांबतो. फुंकर. पुन्हा आवाज.)

बाबा घरी जुन्या युद्धनौकेचं लाकडी मॉडेल बांधत होते, आणि हा आवाज आमच्या घरात तीन वर्षं आणि पाच महिने होता. सकाळी साडेनऊला सुरू, एकला बंद. एक ते चार विश्रांती, कारण जहाज इंग्रजांचं असलं तरी बांधणारा पुण्याचा आहे. चारनंतर पुन्हा खर्र, खर्र, फू.

(दृश्य : कर्वेनगरमधली एक खोली. दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं फ्लश डोअर. त्यावर दिवा, व्हर्निअर, कानशी, आणि मधोमध जहाजाचा सांगाडा.)

ही पूर्वी माझी खोली होती. माझं लग्न झालं, पलंग गच्चीत गेला आणि बाबांनी दाराचं एक पान घोड्यांवर आडवं टाकलं. बाबा चौतीस वर्षं पिंपरीकडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं आणि साचे बनवायच्या विभागात, होते. तिथं मिलिमीटरचा शंभरावा भाग हे रोजचं माप. निवृत्तीनंतर सगळे विचारायचे, आता काय करणार? जानेवारी २०२२ मध्ये एक लांबलचक खोकं घरी आलं तेव्हा उत्तर मिळालं. परदेशातून मागवलेलं किट. ड्युटी धरून एकूण किती पडले, असं आईनं विचारलं. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

खोक्यात लेझरनं कापलेलं प्लायवूड, लिंडनच्या आणि अक्रोडाच्या लाकडाच्या शेकडो पट्ट्या, पितळी तोफा, तांब्याचे नखाएवढे पत्रे, दोऱ्याची रिळं आणि जमिनीवर पसरली तर चालायला जागा उरणार नाही एवढी ड्रॉइंग्ज.

जहाजाचं नाव एचएमएस व्हिक्टरी. ब्रिटिश आरमाराची १०४ तोफांची युद्धनौका. १७५९ मध्ये इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत तिचा कणा मांडला गेला, १७६५ मध्ये ती पाण्यात उतरली, आणि २१ ऑक्टोबर १८०५ रोजी फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराविरुद्धच्या ट्रफाल्गारच्या लढाईत ती ब्रिटिश सेनापती नेल्सनची नौका होती. त्या काळी मोठी जहाजं एकामागे एक रांग धरून लढायची. ज्या जहाजात त्या रांगेत उभं राहायची ताकद, ते ‘लाइन ऑफ बॅटल शिप’. त्यातूनच पुढे ‘बॅटलशिप’ हा शब्द आला.

आमचे एक शेजारी पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाले, “इंग्रजांचं जहाज कशाला करताय? आंग्र्यांचं गुराब, मराठ्यांची युद्धनौका, करा की.”

(बाबा, कॅमेऱ्याकडे न बघता) : “ड्रॉइंग आणून द्या म्हटलं. उद्या सुरू करतो.”

शेजारी अजून ड्रॉइंग शोधत असावेत.

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. त्यावर आडवी ठेवलेली प्लायवूडची लांब पट्टी. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या.)

मॉडेल एकास बहात्तर प्रमाणात आहे. पुढच्या सुळक्याच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटीमीटर, आणि डोलकाठ्यांसकट उंची मीटरभर. या मापात खलाशी केला तर तो अंगठ्याच्या पेराएवढा भरेल. इथं अर्धा मिलिमीटर चुकला, तर खऱ्या जहाजावर साडेतीन सेंटीमीटरची चूक.

सगळ्यात आधी कणा. प्लायवूडच्या एका लांब तुकड्यावर सगळं जहाज उभं राहतं, त्यामुळे तो सरळ हवा. कारखान्यात सपाटी बघायला ग्रॅनाइटचं सरफेस प्लेट असतं. घरात ग्रॅनाइट एकच, ओट्याचं. बाबांनी आईचे डबे बाजूला केले, कणा ओट्यावर आडवा ठेवला, खाली फीलर गेज सारलं.

अडीच मिलिमीटर बाक. बहात्तरनं गुणा : अठरा सेंटीमीटर.

मग तो तुकडा ओल्या फडक्यानं दमट केला, दोन फळ्यांत धरला आणि वर पाटा ठेवला. आठ दिवस. चटणी आठ दिवस मिक्सरमध्ये झाली आणि चव बिघडल्याचं खापर नेल्सनवर फुटलं. पाटा उचलला तेव्हा बाक एक मिलिमीटरवर आला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड.

(बाबा) : “लोखंडाला एकदा सांगितलं की ते तसं राहतं. हे रात्रीतून मत बदलतं.”

शेवटी आडव्या फ्रेम खाचेत बसवताना प्रत्येक दोन फ्रेममध्ये एकेक ठोकळा चिकटवून बाबांनी कणा सरळ बांधून टाकला.

(दृश्य : अर्धवट पट्ट्या चढवलेला सांगाडा. प्रत्येक फ्रेमवर रंगीबेरंगी प्लास्टिकचे चिमटे.)

हे चिमटे ओळखीचे वाटतील. गॅलरीतले आहेत. आधी चार गेले, मग बारा, मग आईनं मोजणं सोडलं.

सांगाड्यावर पट्ट्या चढवणं हा या कामाचा जीव. सरळ पट्टी घेतली आणि ठोकली, असं होत नाही. जहाजाचं पोट मधे मोठं आणि नाकाकडे निमुळतं. पोटाशी जितक्या पट्ट्या बसतात तितक्याच नाकाशी बसवायच्या, म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे बारीक तासावी लागते, टरबुजाच्या सालीवरच्या पट्ट्यांसारखी. मागे तर उलटंच. तिथं जागा उरते आणि पाचर घालावी लागते. शिवाय व्हिक्टरीचं नाक एकदम गोल. तिथं पट्टी वळवायची तर गरम पाण्यात अर्धा तास भिजवून सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या दांड्यावर हळूहळू फिरवायची. जरा घाई झाली की ‘टक्’.

तो ‘टक्’ आम्ही स्वयंपाकघरातून ऐकायचो. मग थोडा वेळ काहीच नाही. मग नवीन पट्टी पाण्यात पडल्याचा आवाज.

पट्ट्यांचे दोन थर. आतला लिंडनचा, तो कसाही दिसला तरी चालतो, घासून सारखा करायचा. बाहेरचा अक्रोडाचा, पातळ, आणि तोच जन्मभर दिसणार. बाबांनी बाहेरचा थर लावला जुलै आणि ऑगस्ट २०२२ मध्ये. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, घरात मीठ ओलं. त्या हवेत बाबांनी डाव्या उजव्या मिळून एकूणएक पट्ट्या अशा बसवल्या की त्यावरून नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं.

ही नखाची परीक्षा टूलरूममधली. दोन तुकडे एका पातळीत आहेत का, हे डोळ्याला कळायच्या आधी नखाला कळतं. मी लहानपणी वहीला कव्हर घातलं तरी बाबा आधी त्याच्या कडेवरून नख फिरवायचे.

(शांतता. दृश्य : लाकडाचा अगदी जवळून घेतलेला शॉट. पट्ट्यांमध्ये केसाएवढ्या काळ्या फटी.)

एप्रिल २०२३.

पुण्याचा एप्रिल कोरडा ठणठणीत. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. घेतलं की आडवं फुगतं, सोडलं की आडवं आकसतं. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेल्या त्या पट्ट्या उन्हाळ्यात आकसल्या आणि प्रत्येक सांध्यात रेघ उघडली. खऱ्या जहाजाचं बरं असतं. सांध्यात ताग आणि डांबर ठासलेलं असतं, आणि पाण्यात उतरलं की फळ्या फुगून आपोआप घट्ट होतात. आमचं जहाज पाणी कधी बघणार नव्हतं. त्याला फक्त पुण्याची हवा.

बाबांनी फटींत लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून झाकायचं ठरवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत. वर्तमानपत्र मात्र फार बारकाईनं वाचलं.

तिसऱ्या दिवशी पटाशी घेऊन त्यांनी अक्रोडाचा सगळा थर उतरवायला घेतला.

(दृश्य : जुना मोबाईल व्हिडिओ. हात, पटाशी, निघणाऱ्या चिपा.)

गंमत अशी, की त्याच वेळी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला खऱ्या व्हिक्टरीवरही हेच चाललं होतं. ती तिथं १९२२ पासून सुक्या गोदीत उभी आहे. तिच्या कुजलेल्या फळ्या काढून नवीन बसवायचं मोठं काम २०२२ मध्ये सुरू झालं. वरच्या डोलकाठ्या २०११ मध्येच उतरवल्या होत्या, मुख्य डोलकाठी २०२१ मध्ये. मी बाबांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, “त्यांच्याकडे माणसं आहेत.”

इथं एक आडवळण. व्हिक्टरी मुख्यतः ओकची, जवळजवळ सहा हजार झाडांची. आणि मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यानं बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आपल्याकडच्या सागाची. ती १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. सागात तेल असतं, तो सहज कुजत नाही. हे बाबांना इतकं पटलं की जहाजाखालची बैठक त्यांनी सागाचीच केली. सदाशिव पेठेत आमच्या आजोळचा वाडा पाडला, तेव्हा दाराच्या चौकटीचा एक तुकडा मामानं ठेवून घेतला होता. त्यातून. रंधा मारल्यावर खोलीभर जो वास आला, तो कॅमेऱ्यात येत नाही.

नवीन अक्रोड मागवलं. ते आल्यावर लगेच वापरलं नाही. पट्ट्या सुट्या करून कपाटावर पसरून ठेवल्या, घरच्या हवेची सवय व्हायला. पट्ट्या बसवायच्या फक्त नोव्हेंबर ते जानेवारी, हा नियम भिंतीवर खडूनं लिहिला. मधल्या काळात बाबा तोफांकडे वळले.

(दृश्य : ट्रेमध्ये ओळीनं लावलेल्या तोफा.)

१०४ तोफा. ट्रफाल्गारच्या वेळी खालच्या मजल्यावर ३०, बत्तीस पौंडी. म्हणजे एकेक गोळा साडेचौदा किलोचा. मधल्या मजल्यावर २८ चोवीस पौंडी, वर बारा पौंडी, आणि नाकाशी दोन आखूड, अडुसष्ट पौंडी. या तोफांच्या खिडक्या कापताना बाबा एकदा फसले होते. खिडक्यांची रांग पाण्याच्या रेषेला समांतर नसते. ती आतल्या मजल्याच्या बाकाबरोबर मधे किंचित खाली येते. बाबांनी टूलरूमच्या सवयीनं सरळ रेघ मारली. एका बाजूच्या पंधरा खिडक्या बुजवून पुन्हा कापाव्या लागल्या. त्याबद्दल बोलायला ते तयार नाहीत.

सुकाणूच्या चाकाबद्दल मात्र बोलतात. ते चाक दोन रुपयांच्या नाण्याहून लहान. एके दिवशी टेबलावरून पडलं आणि गायब. कामाच्या मावशींनी खोली झाडून झाली होती. बाबा आणि मावशी सुपलीतला केर वर्तमानपत्रावर पसरून अर्धा तास बसले.

(बाबा, हसत) : “सापडलं. एक आरा तुटला होता. म्हटलं राहू दे. खरं चाक तर ट्रफाल्गारला लढाई रंगायच्या आतच गोळा लागून उडालं. खाली चाळीस खलाशांनी दोर ओढून जहाज वळवलं.”

पण आरा त्यांनी जोडला.

(दृश्य : जहाजाचं तळ, तांब्यानं मढवलेलं.)

तळाला तांब्याचे पत्रे. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा लागू नये म्हणून १७८० मध्ये खऱ्या व्हिक्टरीला ते ठोकले. मॉडेलवर एकेक चिकटवायचा, आणि प्रत्येकावर बोटाचा ठसा उमटतो. आई म्हणाली, पितांबरी लावून देते, लख्ख होईल. बाबांनी एवढ्या जोरात “नको” म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. समुद्रात गेलेलं तांबं चमकत नाही. ते काळवंडायला हवं, म्हणून हातमोजे घालून लावलं आणि हवेवर सोडलं.

रंगाचा वाद वेगळाच. किटमधल्या चित्रात जहाजाच्या अंगावरचे पट्टे गडद पिवळे. पण जुन्या रंगाचे थर तपासून २०१५ मध्ये खरी व्हिक्टरी पुन्हा रंगवली, तेव्हा ट्रफाल्गारच्या वेळचा रंग बराच फिका, गुलाबीकडे झुकणारा निघाला. बाबांनी सात छटा कालवून पट्टीवर लावल्या आणि आम्हाला दाखवल्या. मला सातही सारख्या दिसल्या. आई म्हणाली, “तिसरी. श्रीखंडात केशर कमी पडलं की होतो तो.” तिसरी लागली.

(दृश्य : डोलकाठ्या, दोरांच्या शिड्या. खिडकीतून येणारा उजेड दोऱ्यांमधून.)

शेवटचं वर्ष दोरांचं. खऱ्या जहाजाला सव्वीस मैल दोर होता. इथं रिळं. प्रत्येक दोरा मधमाशीच्या मेणातून ओढून घ्यायचा, नाहीतर त्याला लव सुटते आणि बहात्तरपट मोठी करून बघितली तर दोराला दाढी आल्यासारखी दिसते. खलाशी ज्यावरून वर चढायचे त्या दोरांच्या शिड्यांना प्रत्येक पायरीवर, प्रत्येक उभ्या दोराशी एक गाठ. हजारो गाठी. बाबा चिमट्यानं बांधायचे, तासाला दोन पायऱ्या.

एका दुपारी आई मागे येऊन उभी राहिली. बघितलं. चिमटा बाजूला ठेवला, दोरा दोन बोटांत धरला, फेरा, उलटा फेरा, ओढ. “गजऱ्याला काय वेगळं असतं?” गाठ अगदी तीच नाही, पण हाताची चाल तीच. मुख्य डोलकाठीच्या डाव्या बाजूच्या शिड्या आईच्या आहेत. उजव्या बाबांच्या. कोणत्या जास्त सारख्या आल्यात ते तुम्हीच बघा.

(कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे. दहा सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य : जून २०२५. खिडकीबाहेर आभाळ भरून आलेलं. पहिले थेंब.)

जहाज पूर्ण झालं त्या आठवड्यातच पाऊस आला. मी कॅमेरा घेऊन गॅलरीकडे निघाले होते. आतून आई ओरडली, “अहो, दोरीवरचे कपडे! चिमटे नाहीयेत त्यांना!”

बाबा जागचे हलले नाहीत. दिवा तिरका करून ते जहाजाच्या कुशीवरून नख फिरवत होते, नाकापासून मागे, एकेक सांधा. गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी अडकलं होतं.

या वेळी एका ठिकाणी अडकलं. बाबांनी तिथं पेन्सिलीनं बारीक ठिपका केला.

“नोव्हेंबरात बघू,” म्हणाले, आणि कपडे काढायला गेले.